नागू वर आहे

ही गोष्ट खरी आहे. मी रचलेली असती तर शेवट तरी बरा केला असता.

यंदाच्या शिमग्याच्या आधीची संध्याकाळ. दिवस मावळला होता, पण अजून एकमेकांची तोंडं दिसत होती. जागा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातली, नंदिगड्डे पंचायतीतली एक वाडी. वाडीचं नाव देत नाही. दिलं तर ज्यांच्यावर मी चिडलेय ती माणसं उद्या रामनगरला माझ्या घरी येऊन बसतील, आणि मलाच त्यांना चहा करून द्यावा लागेल.

हे घडलं ते माझ्या धाकट्या नणंदेच्या, देवकीच्या बाबतीत. मी तिथं नव्हते. तिनं सांगितलं तसं लिहितेय. ती खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही, म्हणून तर तिचं वाडीत कुणाशी फारसं पटत नाही.

आधी वाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

जंगलातली वाडी. भाताची खाचरं, आणि मागं दोन माडांएवढा उंच कातळ. कातळावर एक माळा, म्हणजे रानडुकरं आणि गवे यायला लागले की रात्री राखणीला बसायची लाकडी मचाण. वाडीत फोनला नेटवर्क नाही. वाटेवर एका कंपनीचा टॉवर उभा करून ठेवलाय, तो कधी चालूच झाला नाही. आता त्याच्यावर वेल चढलाय. छान फुलं येतात म्हणे.

नेटवर्क मिळतं ते फक्त कातळाच्या माथ्यावर.

आणि वाडीतली एक जुनी रीत. कुणी झाडावर चढलं, कातळावर गेलं, की खालच्यांनी थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची.

"हाय काय?"

वरच्यानं ओ द्यायची.

"हाय."

ओ आली नाही तर हातातलं काम टाकून वर जायचं. मध काढणारे असोत, फांद्या तोडणारे असोत, ही रीत कुणी मोडली नव्हती. लहान पोरांनाही ती माहीत होती.

देवकीचा नवरा नागू. मी त्यांना दाजी म्हणायचे. स्वभाव असा की कुणी पाणी मागितलं तर विहीरच उचलून देतील. ते फोन घेऊन कातळावर जायचे आणि हॉटस्पॉट चालू करायचे. कातळाखाली कट्टा आहे, तिथवर ते नेट पोचायचं. मग सगळी वाडी कट्ट्यावर बसून गोव्यातल्या मुलाशी, बेळगावातल्या लेकीशी बोलायची. रेशनवाला अंगठ्याचं मशीन घेऊन यायचा, तेही नागूच्याच नेटवर चालायचं. म्हाताऱ्यांना चढणं व्हायचं नाही, म्हणून दाजी चढायचे. उन्हात, पावसात, तापातसुद्धा.

हॉटस्पॉटला नाव त्यांच्या लेकीनं, दीपालीनं दिलं होतं.

"नागू वर आहे."

फोनवर हे नाव दिसलं की समजायचं, बाबा वर पोचले. सोपं काम झालं.

इतकं सोपं झालं, की लोकांनी हाक द्यायची सोडून दिली.

कशाला द्यायची? फोनच सांगत होता की.

गेल्या श्रावणात रेशनचा अंगठा होता. पाऊस असा, की समोरचं माणूस दिसेना. दाजी प्लास्टिकची खोळ पांघरून वर गेले. खाली कट्ट्यावर ताडपत्री बांधून वाडी बसली. नाव दिसलं. अंगठे सुरू झाले. अंगठे संपले तशा गप्पा सुरू झाल्या. कुणी मुलाला फोन लावला, कुणी व्हिडिओ बघत बसलं.

देवकी तेव्हा खाचरात होती.

अंधार पडायला आला तेव्हा नेट गेलं. मग झिलूनं, म्हणजे दाजींच्या चुलतभावानं, वर तोंड करून विचारलं, "काय रे, बॅटरी संपली काय?"

ओ आली नाही.

ते माथ्यावरच्या भेगेत पडलेले सापडले. पाय घसरला होता. फोन भेगेत खोल कुठंतरी गेला, तो सापडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच जीव गेला नसावा.

म्हणजे बघा. हा माणूस वर पडलेला. फोन भेगेत, चालू. आणि खाली सगळी वाडी त्याच्याच नेटवर, त्याचं नाव बघत, निवांत.

कुणी एकदा मान वर केली नाही.

देवकी रडली नाही. ती चिडली, आणि चिडलेलीच राहिली. महिना व्हायच्या आत वाडीतली रुक्माकाकी दारात येऊन म्हणाली, नागू गेल्यापासून फार अडचण होते गं, मुलाचं तोंड दिसलं न्हाई. काकीला वाटलं आपण दुःखच सांगतोय. देवकीनं तिला पाणी दिलं, आणि ती गेल्यावर तांब्या अंगणात भिरकावला. त्याला अजून पोचा आहे.

मग दिवाळीनंतर झिलूनं एका पोरग्याला वर पाठवलं. दवानं ओल्या कातळावरून. फोन देऊन.

त्या दिवशी देवकी बसमध्ये बसून माझ्याकडं आली. पिशवीत दीपालीचा कॉलेजच्या प्रोजेक्टमधला उरलेला बोर्ड होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पण अख्खा संगणक. दीपालीनं फोनवर सांगितलं होतं, आई, ह्याचा खिशात मावणारा राउटर होतो. त्याला सिमवालं डोंगल लाव, एक अँटेनाची वायफाय काडी लाव, पॉवर बँक जोड. कुठंही ने.

"कुणाला वर चढायला लागता नये," देवकी मला म्हणाली. "आता हे चढंल. ह्याला आई न्हाई, बायकू न्हाई."

माझ्या घरी वायफाय आहे. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हिडिओ बघत बसायची. मी भाकऱ्या थापायचे, ती मेमरी कार्डात सॉफ्टवेअर भरायची. कितीदा चुकलं. पहिल्यांदा तो दर थोड्या वेळानं आपोआप बंद पडायचा. केबल हलकी निघाली. केबल बदलली, तर पॉवर बँक झोपी जायची, तिला वाटायचं जोडलेलं काहीच नाही. एवढीशीच तर वीज खाणारा जीव. मग तिनं बोर्ड आणि पॉवर बँक दोन्ही माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवलं, पावसाला टिकावं म्हणून. नेटच बाहेर येईना. स्टीलच्या पोटातून कशाला येतंय? शेवटी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. झाकणाला भोक, भोकातून अँटेना, कडेला मेण. आत हिरवा दिवा लुकलुकायचा.

नाव काय द्यायचं, ते राहिलं होतं.

तिनं जुनंच नाव टाकलं. पासवर्डही जुनाच.

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, नाव आणि पासवर्ड तेच असले की सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातात. म्हाताऱ्या माणसांच्या दारोदार फिरून नवा पासवर्ड कोण भरत बसणार?

कारण खरं होतं. पण डबा चालू केल्यावर माझ्याच फोनवर नाव आलं, कारण मी मागं वाडीत राहून आले होते.

"नागू वर आहे."

देवकीनं माझ्या हातातला फोन घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

वाडीत जाऊन ती एकदाच कातळावर चढली. एकटी. माळ्याच्या खांबाला जुन्या विहिरीची लोखंडी कप्पी बांधली, दोरी ओवली आणि उतरली. भेगेकडं बघितलं काय, असं मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

त्यानंतर रोज. सकाळी डबा दोरीला बांधून वर ओढायचा, दोरीचं दुसरं टोक कट्ट्याच्या खुंटीला. दिवस मावळताना खाली घ्यायचा, बंद करायचा, घरी नेऊन चार्जिंगला लावायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर नाव आलं तेव्हा कट्टा गप्प झाला. रुक्माकाकीनं डोळ्याला पदर लावला.

थोडाच वेळ. मग तिनं मुलाला फोन लावला.

आणि गोव्यातला मुलगा पलीकडून म्हणाला...

"आई, पाऊस लागलाय काय तिकडं?"

माघ महिना. आभाळ कोरं. काकी म्हणाली, छे रे, कसला पाऊस.

त्याला पटेना. त्याला धो धो आवाज येत होता.

असं मग होतच राहिलं. कट्ट्यावरच्यांना काही ऐकू यायचं नाही. पलीकडच्यालाच ऐकू यायचं. आधी पाऊस. मग पावसात दगड सरकल्यासारखं काहीतरी. झिलूच्या लेकीनं बापाला विचारलं, बाबा, तुमच्या मागं कोण वरडतंय? झिलूनं मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. फक्त कातळ.

लेकीनं फोन ठेवला. झिलूनं दुसरीकडं लावला. असा हा माणूस.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात देवकीनं मला कट्ट्यावरून फोन केला. दीपालीच्या सुट्टीचं काहीतरी बोलत होती. मीही तो पाऊस ऐकला. पत्र्यावरचा नाही. दगडावरचा, मोकळ्यावरचा पाऊस. आणि त्याच्या खाली, लांबून...

"खाली कोण हाय?"

थांबून परत.

"खाली... कोण हाय रे?"

आवाज मी ओळखला. माझ्या लग्नात ज्यांनी मला खांद्यावरून नदी पार करून आणलं होतं, त्यांचा आवाज मी ओळखणार नाही? मी देवकीला सांगितलं. नुसते शब्द सांगितले, आवाज कुणाचा ते नाही.

तिनं मला ते परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, "त्या दिवशी इचारलं आसंल त्यांनी. पावसात कुणाला ऐकू आलं न्हाई."

"देवकी, डबा काढून टाक," मी म्हटलं.

"ऐकू आलं न्हाई असं न्हवं, वैनी," ती म्हणाली. "कुणी ऐकलंच न्हाई."

आता ती संध्याकाळ.

कट्ट्यावर सगळे होते. शिमग्याला कोण कोण येणार, ते ज्याच्या त्याच्या फोनवर चाललेलं. देवकी डबा खाली घ्यायला आली. खुंटीवरची दोरी सैल करत करत तिनं डबा उतरवला. दोरी अजून डब्यालाच बांधलेली. झाकण उघडून पॉवर बँकेची केबल उपसली. हिरवा दिवा विझला. मोकळं झालेलं टोक तिनं परत खुंटीला गुंडाळून ठेवलं.

रोज इतकं झालं की कट्ट्यावरून "गेलं, गेलं" असा कलकलाट व्हायचा.

त्या दिवशी झाला नाही.

तिनं मान वर केली. सगळे फोनवर बोलत होते. हसत होते. रुक्माकाकीच्या फोनमध्ये तिचा मुलगा दिसत होता, एकदम स्वच्छ.

देवकी काकीच्या मागं जाऊन उभी राहिली. फोनवर वर नेटच्या खुणा पूर्ण भरलेल्या होत्या.

बंद डबा तिच्या हातात होता.

तिनं सगळ्यांना सांगितलं. आधी हळू, मग मोठ्यानं. डबा उघडून दाखवला. केबल सुटलेली दाखवली. हे नेट माझ्याकडचं न्हाई, म्हणाली. बघा तरी कुठनं येतंय.

सगळ्यांनी फोनकडं बघितलं. नाव होतं.

"नागू वर आहे."

आणि मग... हे देवकीनं मला सांगितलं ते रागानं, भीतीनं नव्हे... मग एकेकानं मान खाली घातली आणि परत बोलायला सुरुवात केली. हळू आवाजात. पण सुरुवात केली.

झिलू म्हणाला, "चाललंय न्हवं, देवकी? मग चालू दे की. नागू आपलाच हाय."

ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या हाताला हिसका बसला.

दोरी.

डब्याला बांधलेली दोरी वर ताणली गेली होती. तिला वाटलं कुठंतरी अडकली. तिनं खुंटीकडं बघितलं. दुसरं टोक तसंच गुंडाळलेलं, खुंटीपासून कातळापर्यंत सैल लोंबत होतं. खालून कुणी ओढत नव्हतं.

परत हिसका.

डबा तिच्या हातातून सुटायला लागला. वरून कुणीतरी ओढत होतं. घाईनं नाही. शांत, हात बदलून बदलून, जसं विहिरीतून पाणी शेंदतात तसं. दाजी असंच पाणी शेंदायचे.

तेव्हा तिला कळलं. ते चिडलेले नव्हते. त्रास द्यायला आले नव्हते. खालच्यांना नेट हवं होतं, म्हणून ते डबा वर घेत होते.

मेल्यावरसुद्धा.

देवकीनं दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला. तळहात सोलवटले. सगळे बघत होते, पण जागचं कुणी हललं नाही. ती कट्ट्याकडं पाठ करून वर बघत उभी राहिली आणि ओरडली. नवऱ्याला तिनं आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती.

"नागू, सोड ती. नगं दिऊस ह्यास्नी. एकानं तुला ओ दिली न्हाई."

दोरी ताठ.

"मी हाय खाली. मी हाय. खाली ये तू."

ओढणं थांबलं.

आणि मग सगळी दोरी वरून खाली आली. तिच्या डोक्यावर, खांद्यावर, कट्ट्याच्या दगडांवर. ढीग पडला. त्याच क्षणी सगळ्यांचे फोन गेले. पलीकडची माणसं बोलता बोलता थांबली. कुणाच्या फोनवर नाव राहिलं नाही.

दोरी चिंब भिजलेली होती. पिळली तर पाणी निथळत होतं.

देवकीनं मान वर करून विचारलं, "हाय काय?"

ओ आली नाही.

सकाळी ती झिलूला घेऊन वर चढली. घेऊन म्हणजे हाताला धरून ओढत. कप्पी होती तिथं, तशीच घट्ट. दोरीचं एक टोक रात्रभर डब्याला बांधलेलं, दुसरं खुंटीला. दोरी कुठं तुटलेली नव्हती. म्हणजे मधला भागच कप्पीतून बाहेर आला होता, आणि तो असा आपोआप येत नाही. कप्पीला बाजूनं लोखंडी पट्टी आहे. पट्टी वळवून हातानंच दोरी काढावी लागते.

पट्टी वळवलेली होती.

झिलू खाली आल्यावर दोन दिवस तापानं पडला. बरा झाल्यावर लोकांना सांगत फिरला, की दोरी दवानं भिजली होती. फाल्गुनात, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, दवानं. मला भेटला तर मी त्याला विचारणार आहे, की कट्टा कसा कोरडा होता मग.

मला वाटलं होतं, देवकी आता डबा जाळून टाकील. मी असते तर जाळला असता. तिनं कप्पीत दोरी परत ओवली. मी तिला म्हटलं, कुणासाठी करतेस हे? ती म्हणाली, "माझा राग हाय म्हणून कुणाचा ताप उतरत न्हाई, वैनी. दवाखान्याची गाडी बोलवायची तर फोन लागतोच."

फक्त नाव बदललं. पासवर्डही बदलला. आता ज्याला नेट पाहिजे त्यानं तिच्या दारात यायचं, आणि डब्याचं नवं नाव असं आहे:

"आधी हाक मारा."

आणि मारायला लावते ती. कट्ट्यावर बसलं की आधी वर तोंड करून "हाय काय?" म्हणायचं. वर कुणी नाही हे माहीत असताना. कुणी म्हटलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती पासवर्ड बदलते आणि त्याला सोडून बाकीच्यांना देते. झिलूसुद्धा म्हणतो. सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो.

त्या संध्याकाळनंतर ओ कधी आली नाही. कुणाच्या फोनवर पाऊस ऐकू आला नाही. सगळ्यांनी आपापल्या फोनमधून जुनं नाव पुसून टाकलं. किती चटकन पुसलं म्हणून सांगू.

मी पुसलं नाही. हात धजला नाही.

परवा रविवारी दुपारी देवकीचा फोन आला. ती घरी नव्हती, कट्ट्यावरून बोलत होती. आंब्याचं लोणचं घालायचं म्हणत होती. मध्येच माझ्या हातातला फोन किंचित थरथरला, मेसेज आल्यासारखा. मी कानापासून काढून बघितला.

माझं रामनगरचं घर. वर कौलं, कौलांच्या खाली सामानाचा पोटमाळा. बाहेर रणरणतं ऊन.

फोनवर माझ्या वायफायचं नाव गेलं होतं. तिथं मी न पुसलेलं जुनं नाव होतं.

मी फोन परत कानाला लावला. देवकी अजून मिठाचं प्रमाण सांगत होती. आणि तिच्या आवाजाच्या मागं... पाऊस.

"देवकी, तिकडं पाऊस हाय काय?"

"येडी काय वैनी. कडक ऊन पडलंय."

मी वर बघितलं नाही. पोटमाळ्याकडं अजूनही बघत नाही. पण तोंडातून हाक गेली माझ्या. कुणीतरी द्यायलाच हवी होती ती.

"दाजी... हाय काय?"

पलीकडं देवकी बोलायची थांबली. मीही थांबले.

पाऊस तेवढा वाढला.